खुर्ची सात वेळा वाजली

एकदोनकाकांच्या डाव्या अंगठ्यावर, पेराच्या बरोबर मध्ये, एक गुळगुळीत खळगा आहे. इतरांच्या हातांना कामाने घट्टे पडतात, ह्यांच्या अंगठ्याला खळगा पडला. सव्वीस वर्षं, रोज सकाळी साडेसात ते सात-चाळीस, हा अंगठा माइकच्या बटणावर दाबलेला असायचा. बटण स्प्रिंगचं होतं. दाबून धरलं तरच आवाज जायचा, सोडलं की सगळा कारखाना मुका.

कारखाना पंख्यांचा आणि काका तिथले हजेरी कारकून. कोण कधी आलं, कोण कधी गेलं ते लिहायचं आणि संध्याकाळी मान खाली घालून घरी जायचं, एवढाच त्यांचा रुबाब. मग एक नवे मॅनेजर आले आणि त्यांच्या लक्षात आलं, की निम्म्या रजा पाठदुखीच्या आणि खांदेदुखीच्या आहेत. दिवसभर एका जागी उभं राहून एकच स्क्रू पिळणाऱ्याचं अंग आखडणार नाही तर काय होणार! हुकूम निघाला, की पाळी सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं सगळ्यांनी व्यायाम करायचा. मान, खांदे, कंबर, गुडघे, घोटे, असं वरून खाली यायचं. मोजायला कोणीतरी हवं होतं, आणि अख्ख्या ऑफिसात भारदस्त आवाज एकट्या हजेरी कारकुनाचा. तो नावं पुकारून पुकारून कमावलेला होता.

"एऽक... दोऽन..."

मिनिटाला चोवीस आकडे, ना एक कमी ना एक जास्त. पहिल्या महिन्यात भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून हा ठेका बसवला. पुढे ते घड्याळ बंद पडलं, दुसरं आलं, तेही बंद पडलं, पण काकांचा ठेका चुकला नाही. कामगारांनी त्यांचं नाव एकदोन ठेवलं आणि खरं नाव पगाराच्या कागदावर उरलं.

आता गंमत ऐका. काकांची केबिन काचेची खरी, पण काच होती गेटच्या बाजूला. ज्या चारशे माणसांना ते रोज वाकवायचे आणि सरळ करायचे, त्यातलं एकही त्यांना दिसत नसे. आणि एक अंगठा बटणावर, तोंड माइकपाशी, म्हटल्यावर स्वतः हातपाय हलवायची सोयच नव्हती. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त इथे उंट म्हणजे खुर्ची, तिला चाकं होती आणि पाठीला गादी. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. सव्वीस वर्षं लोकांना व्यायाम घालणाऱ्या ह्या गृहस्थाने स्वतः एकदाही पायाचे अंगठे धरले नव्हते.

त्याचा एक परिणाम असा, की सगळ्या वस्तीला काकांचा आवाज माहीत आणि चेहरा कोणालाच नाही. संध्याकाळी बसच्या रांगेत कारखान्याचीच माणसं उभी असायची, काकाही उभे असायचे, पण त्यांच्याशी कोणी बोलत नसे. ओळख द्यायला तोंड उघडावं लागे, आणि काकांना उगाच तोंड उघडायची सवय नव्हती. घरीही नव्हती. दहा मिनिटांत दिवसभराचं बोलून टाकलं आहे, असाच त्यांचा कारभार होता. पुढे ते निवृत्त झाले, काही वर्षांनी कारखानाही बंद पडला. तीन वर्षांपूर्वी बायको गेली. मुलगा दूरच्या शहरात नोकरीला. आता काका त्र्याहत्तर वर्षांचे आहेत आणि तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत एकटे राहतात.

ह्या दोन खोल्याच हातच्या जायची वेळ आली, त्याची ही गोष्ट.

झालं काय, की एका सकाळी न्हाणीतल्या जाळीत साबणाचा तुकडा अडकला म्हणून काका खाली बसले. पडले नाहीत, चांगले ठरवून बसले. तुकडा काढला, आणि उठायला गेले तर उठता येईना. गुडघ्यांवर हात ठेवून जोर केला, भिंतीला धरून केला, नळाला धरून केला. नळ हलला, काका हलले नाहीत. दुखत काहीच नव्हतं, मांड्यांत जोर नव्हता एवढंच. घड्याळात तेव्हा नऊ वाजले होते.

अकराच्या सुमारास त्यांनी प्लास्टिकचा मग घेतला आणि फरशीवर ठोकायला सुरुवात केली. चार ठोके, मग थांबायचं, पुन्हा चार ठोके.

खालच्या मजल्यावर, बरोबर त्यांच्या खोल्यांखाली, शिलाईवाल्या ताई राहतात. ताईंचं शिवणयंत्र सकाळी आठला सुरू होतं ते दिवेलागणीपर्यंत. यंत्राच्या आवाजात आधी त्यांना काही कळलं नाही, मग वाटलं वरच्या नळाचं काम चाललं असेल. एक वाजता जेवायला यंत्र थांबवलं तेव्हा नीट ऐकू आलं. एक दोन तीन चार, थांबा. एक दोन तीन चार, थांबा. असं कोण ठोकतं? काकांच्या बायकोच्या आजारपणापासून एक किल्ली ताईंकडे होती. ती घेऊन त्या धावत वर गेल्या. न्हाणीच्या ओल्या फरशीवर काका भिंतीला टेकून बसले होते, मांडीवर मग, अंग गार पडलेलं.

"केव्हापासून बसलाय असे?"

"आत्ताच," काका म्हणाले. चार तास झाले होते.

दुसऱ्या दिवशी मुलगा आला. तो काही वाईट मुलगा नव्हे, दर रविवारी न चुकता फोन करणारा आहे. पण तो फोनवर "कसं आहे?" विचारायचा आणि काका "उत्तम" म्हणायचे, असं तीन वर्षं चाललं होतं. ताईंकडून खरी हकीकत कळल्यावर तो खुर्ची ओढून समोर बसला.

"बाबा, आता पुरे. माझ्याकडे चला."

"मला इथे काही अडचण नाही."

"काल चार तास फरशीवर होतात तुम्ही!"

"काल साबण होता."

मुलाने कपाळाला हात लावला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. काकांना जायचं का नव्हतं, हे काकांनी सांगितलं नाही, कारण सांगायचं तर बोलावं लागलं असतं. मुलाच्या घरी बैठकीतल्या सोफ्याचा पलंग करून झोपायचं, सकाळी सगळे उठायच्या आत तो आवरायचा, आणि मग दिवसभर कोणाच्या तरी वाटेत बसायचं. इथे आतल्या खोलीत बायकोचा पलंग अजून तसाच होता. खिडकीपाशी, जिथे ती बसायची, तिथे गादीला खोलगा पडलेला होता. काका तिथे कधी बसत नसत आणि चादर बदलली तरी तो खोलगा मोडू देत नसत.

शेवटी तोडगा निघाला. चौकातल्या औषधाच्या दुकानावर व्यायामोपचाराचं एक केंद्र होतं. तिथल्या बाईंकडे दोन महिने जायचं. दोन महिन्यांनी त्यांनी सांगितलं की हा माणूस आपल्या पायांवर एकटा राहू शकतो, तर राहायचं. नाहीतर सामान बांधायचं, आणि त्यावर चकार शब्द काढायचा नाही.

"मंजूर," काका म्हणाले.

व्यायामाच्या बाई वयाने काकांच्या मुलीसारख्या, आणि हातात एका वेळी तीन रोगी. एकाच्या खांद्याला विजेच्या पट्ट्या लावता लावता दुसऱ्याला ओरडायच्या, "पाय वर! तो नव्हे, दुसरा!" त्यांनी काकांना बिनहाताच्या खुर्चीवर बसवलं, हात छातीवर आडवे ठेवायला लावले आणि म्हणाल्या, "हातांचा आधार न घेता उठा, पूर्ण सरळ उभे राहा, पुन्हा बसा. अर्ध्या मिनिटात किती होतात बघू."

सहा झाले. सहाव्याला काकांच्या नाकी नऊ आले.

"बारा यायला हवेत," बाई म्हणाल्या. "आणि जमिनीवरून एकट्याने उठता यायला हवं. काका, शरीराची चार कामं असतात. ताकद, दम, लवचीकपणा आणि तोल. तुमचा दम बरा आहे. तोल ठीक. पण मांड्यांची ताकद बसून बसून गेली आहे. वापरलं नाही की शरीर ते काढून टाकतं, अगदी कंजूष असतं ते. पण पुन्हा मागितलं की देतं, ह्या वयातसुद्धा देतं. फक्त रोज मागावं लागतं, थोडं थोडं वाढवत. बसताना धपकन बसायचं नाही, हळू उतरायचं, निम्मा व्यायाम त्यातच आहे. आणि श्वास रोखायचा नाही. मोठ्याने मोजा, म्हणजे श्वास आपोआप सुटेल."

मोजा म्हटल्यावर काकांची कळी खुलली. त्यातून अर्ध्या मिनिटात बारा म्हणजे मिनिटाला चोवीस. हा तर आपलाच ठेका! जिना उतरताना त्यांना वाटलं, की निम्मं काम झालंच आहे.

दुसऱ्या दिवसापासून बरोबर साडेसातला काका सुरू झाले. आधी ओट्याला धरून टाचा वर-खाली करायच्या, मग एका पायावर उभं राहायचं, मान आणि खांदे फिरवायचे, आणि अंग जरा गरम झालं की खुर्ची. खुर्ची भिंतीला टेकवलेली, तिचा एक पाय किंचित तोकडा, वजन पडलं की टक् वाजायची. काका हात छातीवर आडवे ठेवत, डोळे मिटून घेत, घड्याळ न बघता दम संपेपर्यंत मोजत, आणि डावा अंगठा उजव्या दंडावर आपोआप दाबला जाई. तीन वर्षांत त्या घरात मोठा आवाज झाला नव्हता. आता भिंती दणाणल्या.

"एऽक... दोऽन... तीऽन..."

पहिल्या रविवारी मुलाने फोनवर विचारलं, "किती?"

"आठ."

मग दहा, मग बारा. पाचव्या रविवारी काकांनी चौदा सांगितले. मुलगा फोनवरच हसला. "बाबा, तुम्ही तर मलाही हरवाल," म्हणाला. तो असा हसलेला काकांनी पुष्कळ दिवसांत ऐकला नव्हता. त्या आनंदात ते जिना उतरत होते, तर ताई दारातच भेटल्या. गळ्यात मापाची फीत, तोंडात टाचण्या.

"आज चौदा!" काकांनी न विचारता सांगितलं. ताई चांगल्या थांबून बघत राहिल्या, कारण काकांनी आपण होऊन काही सांगितल्याचं त्यांना आठवत नव्हतं.

त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढून पदराला लावल्या. "काका, राग येणार नसेल तर एक बोलू?"

"बोला की."

"तुम्ही चौदा म्हणता खरं. पण खुर्ची सातच वेळा वाजते."

"म्हणजे?"

"तुमची खुर्ची माझ्या डोक्यावरच आहे ना. बसलात की टक् होतं. मी अजून यंत्र सुरू केलेलं नसतं. रोज ऐकते मी. तुमचा आवाज चौदापर्यंत जातो, पण टक् सातदाच होतं. कधी आठदा."

काकांना असा राग आला, की कान तापले. "ताई, सव्वीस वर्षं मोजलंय मी. चारशे माणसं माझ्या आकड्यावर हलायची. मला मोजायला शिकवू नका."

"बरं, माझंच चुकलं असेल," असं म्हणून ताई आत गेल्या.

काका भाजी न आणताच वर आले. दार लावलं. बायकोचा बटणांचा डबा काढला, एक वाटी खुर्चीशेजारच्या स्टुलावर ठेवली आणि मूठभर बटणं हातात घेतली. प्रत्येक वेळी उभं राहिलं की एक बटण वाटीत टाकायचं, म्हणजे दूध का दूध आणि पाणी का पाणी. डोळे मिटले, मोजू लागले. आवाज तेरावर गेला तेव्हा थांबले. वाटी मांडीवर घेऊन बटणं मोजली. पांढरी चार, एक तपकिरी, दोन निळी.

पुन्हा केलं. पुन्हा सातच.

ठेका बरोबरच होता, त्यात सेकंदाची खोट नव्हती. पण शरीर त्या ठेक्याच्या मागे कुठेतरी धापा टाकत येत होतं, आणि आवाज त्याच्यासाठी थांबत नव्हता. आवाजाने कोणासाठी थांबायचं असतं, हे काकांना कधी सुचलंच नव्हतं. समोर कोणी दिसतच नव्हतं, तर थांबणार कोणासाठी?

दुपारी ते भाजी आणायला पुन्हा खाली गेले. कोपऱ्यावरचा भाजीवाला पूर्वी कारखान्यात जोडणीवर होता. काकांनी "अर्धा किलो बटाटे" म्हटलं, की तो अजूनही गमतीने ताठ उभा राहायचा. त्याला काकांनी विचारलं, "तिथे सकाळी सगळे व्यायाम करायचे ना? पूर्ण?"

भाजीवाला हसला. "आता खरं सांगायला काय हरकत आहे साहेब? पहिली दोन मिनिटं करायचो. मग हात वर करून गप्पा. काही जण तर पंख्याच्या खोक्यांमागे डुलक्या काढायचे. तुमचा आवाज चालू असला की सुपरवायझर खूश, आणि आम्हीही खूश. आवाज मात्र झकास होता हं साहेब! अजून कधीकधी सकाळी कानात येतो."

त्याने तागडीत एक बटाटा वरचा टाकला. काकांनी पिशवी उचलली आणि ते घराकडे निघाले. चारशे माणसं डुलक्या काढत होती, ह्याचं त्यांना फारसं वाईट वाटलं नाही. उलट जराशी गंमतच वाटली. पण दुसऱ्या जिन्यावर आल्यावर त्यांच्या मनात एक गोष्ट आली आणि त्यांचा पाय पायरीवर तसाच राहिला.

बायकोला पक्षाघात झाला होता, तेव्हा तिचा उजवा हात गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, सकाळ-संध्याकाळ वीस वेळा हात वर करायचा, करत राहिलं तर परत येईल. मोजायचं काम काकांनी आपल्याकडे घेतलं, ते दुसऱ्या कोणाला देणार? बायको आत पलंगाच्या कडेला खिडकीपाशी बसायची. काका बाहेरच्या खोलीत पेपर घेऊन, दाराकडे पाठ करून बसायचे आणि तिथून मोजायचे. वीसपर्यंत. मग आतून ती म्हणायची, "झालं." काका पान उलटायचे. हात काही परत आला नाही. दोन वर्षं मोजूनही आला नाही. एकदा ते वैतागून म्हणाले होते, "रोज चाळीस वेळा करतेस, तरी फरक कसा पडत नाही?"

काका पिशवी घेऊन ताईंच्या दारात जाऊन उभे राहिले. ताईंनी यंत्र थांबवलं.

"ताई, तुम्ही यायचात हिला तेल लावायला. सकाळीच यायचात ना? मी मोजायचो तेव्हा?"

"यायचे की."

"ती हात किती वेळा उचलायची?"

ताई कापडावरचे दोरे वेचत राहिल्या. काका तिथून हलेनात, तेव्हा म्हणाल्या, "तीनदा."

"वीसमधले तीन?"

"तीनच जमायचे त्यांना. तेही तुमचे सात-आठ आकडे होईपर्यंत. मग हात मांडीवर ठेवून बसून राहायच्या खिडकीकडे बघत. मी म्हटलं होतं एकदा, मी जाऊन सांगते काकांना, जरा हळू मोजा म्हणून. तर मला हाताला धरून थांबवलं. म्हणाल्या, नको गं, मोजताहेत तर मोजू दे. तेवढाच आवाज असतो घरात."

काकांनी पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "बरं," एवढंच म्हणाले आणि वर गेले.

पुढचे चार दिवस खुर्ची वाजली नाही. साडेसात वाजायचे, काका खुर्चीसमोर उभे राहायचे, तोंड उघडायचं आणि आवाज फुटायचा नाही. ज्या आवाजाचा आयुष्यभर अभिमान धरला, तो ऐकायचीच त्यांना लाज वाटू लागली. त्याहून वाईट होतं ते दुसरंच. तो आवाज तिला हवा होता. दिवसाचे चोवीस तास ते त्याच घरात होते, आणि तिला तो मिळायचा सकाळी-संध्याकाळी एकेक मिनिट, तोही आकड्यांत. तिच्याशी दोन शब्द बोलायला कोणी अडवलं होतं? कोणीच नाही. हे त्यांना आता कळलं होतं आणि सांगायला समोर कोणी नव्हतं.

पाचव्या दिवशी दार वाजलं. ताई होत्या.

"चार दिवस टक् नाही की काही नाही. जिवंत आहात ना, ते बघायला आले."

"आहे अजून."

"मग सुरू करा. तीन आठवडे उरलेत ना तुमचे? मी सांगितलं ते तुम्ही बंद करावं म्हणून नव्हतं सांगितलं, काका."

ताई गेल्या. काका खुर्चीवर बसले. हात छातीवर आडवे घेतले, पण डोळे उघडे ठेवले. ठेका मनात सुरू झाला होताच, तो त्यांनी दात आवळून थांबवला. आधी उठले. पाय थरथरले, गुडघे सरळ झाले, पाठ सरळ झाली. पूर्ण उभे राहिल्यावर मग म्हणाले, "एक." हळू खाली बसले. टक्. पुन्हा उठले, उभे राहिले, मग म्हणाले, "दोन." आकडा शरीराच्या मागून यायला लागला, आणि जन्मभर पुढे धावलेल्या त्या आवाजाला मागून चालणं फार जड गेलं. त्या दिवशी अर्ध्या मिनिटात सात झाले. ते सात त्यांना पूर्वीच्या चौदांपेक्षा जास्त दमवून गेले.

पुढच्या आठवड्यात आठ झाले, मग नऊ. मांड्या दुखायच्या, पण ते दुखणं कामाचं होतं. जमिनीवर बसून एक गुडघा टेकायचा, खुर्चीवर हात ठेवायचा, दुसरं पाऊल पुढे रोवायचं आणि वर यायचं, हेही जमू लागलं. रविवारी मुलगा विचारायचा, "किती?" काका म्हणायचे, "चाललंय." चौदा परत घ्यायला त्यांची जीभ वळत नव्हती.

दोन महिने संपले आणि मुलगा आला. येताना दोन मोठ्या रिकाम्या बॅगा घेऊन आला होता. त्या त्याने दाराआड ठेवल्या, पण काकांना दिसल्या.

केंद्रात नेहमीसारखी गर्दी. आधी जमिनीवरून उठायचं होतं. काका उठले, खुर्चीला एक हात लावून, पण एकट्याने. मग ते खुर्चीवर बसले. व्यायामाच्या बाईंच्या एका हातात घड्याळ, दुसरा हात शेजारच्या आजींच्या गुडघ्यावर.

"काका, मोजा तुम्हीच मोठ्याने. तुमचा आवाज म्हणजे घड्याळच आहे. मी वेळ सांगते. करा सुरू!"

बाईंनी आजींकडे तोंड फिरवलं. मुलगा मोबाइलवर काहीतरी वाचत होता. झाकली मूठ सव्वा लाखाची! काकांनी नुसते डोळे मिटायचे होते. आवाज आपोआप बारावर गेला असता, अंगाचं काय व्हायचं ते झालं असतं, आणि बाईंनी बारा लिहिले असते. त्या बॅगा रिकाम्याच परत गेल्या असत्या. अंगठा दंडावर दाबला गेला. काकांनी तो उचलला.

ते उठले, सरळ झाले. "एक."

बाईंनी आवाज ऐकून जरा मान वळवली. हा आवाज नेहमीचा नव्हता. त्यात दम लागलेला ऐकू येत होता. मुलानेही मोबाइल खाली घेतला.

"...नऊ." टक् न होणारी खुर्ची होती ती, चारही पाय सारखे. "...दहा."

"थांबा!" बाई म्हणाल्या, तेव्हा काका अर्धे उठलेले होते. "दहा? की अकरा लिहू? अर्ध्याच्या वर आला होतात."

"उभा राहिलो नव्हतो," काका म्हणाले. "दहा."

"फोनवर चौदा म्हणाला होतात ना बाबा?" मुलाने विचारलं.

"तो आवाज म्हणत होता. मी सातच वेळा उठत होतो."

काकांना श्वास घ्यायला वेळ लागत होता, आणि आता बोलायला सुरुवात झालीच होती. "तुला उत्तम सांगायचो तेही तसंच. न्हाणीत आत्ताच बसलो म्हणालो, तेव्हा चार तास झाले होते. दहा खरे आहेत. सामान बांधायचं तर बांधू. ठरलं ते ठरलं."

बाई कागदावर दहाचा आकडा लिहीत म्हणाल्या, "सहाचे दहा झालेत. असंच करत राहिले तर बाराही होतील, पण ते मी आज लिहू शकत नाही."

मुलाने कागद घेतला, दोनदा वाचला आणि घडी करून खिशात ठेवला. दोघे घरी आले. तिन्ही जिने काका न थांबता चढले, तो मागून बघत होता. वर आल्यावर दाराआडच्या बॅगांकडे त्याने पाहिलं आणि म्हणाला, "मला बारा नको होते बाबा. तुम्ही फोनवर जे सांगता त्यावर मला विश्वास ठेवता येत नव्हता, म्हणून तुम्हाला न्यायचं होतं. खरं सांगणार असाल तर राहा. दहा म्हणजे दहा, पडलो म्हणजे पडलो."

"सांगेन."

"आणि आईसारखं सगळं 'झालं' म्हणू नका."

हे मुलाला काय माहीत होतं आणि किती, ते काकांनी विचारलं नाही. संध्याकाळच्या गाडीने तो गेला. जाताना एका बॅगेत दुसरी घातली, म्हणजे उचलायला सोपी.

काका जिंकले होते. दोन खोल्या त्यांच्याच राहिल्या, आणि त्यांत ते एकटेच राहिले. त्यांनी दिवा लावला, एका माणसाचं जेवण केलं, एक ताट धुतलं.

सकाळी साडेसातला त्यांनी टाचा, खांदे, मान, सगळं क्रमाने केलं. खुर्चीचे दहा केले. मग एरवी भिंतीला लावून ठेवायची ती खुर्ची त्यांनी उचलली, आतल्या खोलीत नेली आणि खिडकीपाशी, पलंगावरच्या त्या खोलग्यासमोर ठेवली. तिकडे तोंड करून बसले. इतकी वर्षं ज्या दाराकडे पाठ होती, त्या दाराच्या आतून ही खोली त्यांनी ह्या वेळेला कधी पाहिलीच नव्हती. खिडकीतून पलंगावर ऊन येत होतं.

"एक," ते हळू म्हणाले आणि थांबले. जड झालेला एक हात मांडीवरून उठून खांद्यापर्यंत यायला आणि परत मांडीवर जायला जेवढा वेळ लागेल, तेवढे थांबले.

"दोन." पुन्हा तेवढेच थांबले.

"तीन."

आठ वाजून गेले तरी खाली ताईंचं यंत्र सुरू झालं नव्हतं. काका हात मांडीवर ठेवून चादरीकडे बघत बसले होते. चार त्यांनी म्हटलंच नाही.